‘गो’ आणि ‘जाणे’

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे आणि ‘गो, वेन्ट, गॉन’ घोकताना मी दर वेळी मधल्या शब्दापाशी अडखळत असे, कारण त्यात ‘गो’चा मागमूसही नव्हता. पुढे कळले की ‘वेन्ट’ हे मूळचे ‘गो’चे रूपच नव्हे; वळणे, वाट धरणे अशा अर्थाच्या ‘वेन्ड’ या क्रियापदाचा तो भूतकाळ, ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’ व्हावे तसा. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याने ‘गो’च्या घरात ठाण मांडले आणि तेव्हापासून ‘वेन्ड’ला ‘वेन्डेड’वर भागवावे लागते. अर्थात आपण यावर हसू नये. ‘जाणे’ हे संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आले आहे आणि ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून, पण आपल्याला ते घोकावे लागले नाही, म्हणून खटकत नाही.

खरी अडचण ‘वेन्ट’ने होत नाही, ‘गॉन’ने होते. नववीतल्या पुतणीने निबंधात ‘माय फादर हॅज गॉन टू नागपूर’ असे लिहिले, तेव्हा तिचे वडील आमच्याच ओसरीवर नागपूरहून आणलेली संत्री सोलत बसले होते. ‘हॅज गॉन’ म्हटले की माणूस अजून परतलेला नाही. परतला असेल तर ‘हॅज बीन’ म्हणावे लागते. हा नियम मी व्याकरणाच्या भाषेत दोनदा समजावला आणि दोन्ही वेळा तिने नुसती मान डोलावली. शेवटी ‘गेले आहेत’ आणि ‘जाऊन आले आहेत’ एवढेच सांगितले, तेव्हा ती लगेच खोडरबर शोधू लागली.

इंग्रजीत माणूस ‘गो मॅड’ होतो, ‘गो बॉल्ड’ होतो, त्याचे केस ‘गो ग्रे’ होतात. आपल्याकडे वेड लागते, टक्कल पडते, केस पिकतात. एका ‘गो’वर त्यांचे भागते तिथे आपण दर विकाराला वेगळे क्रियापद देतो, आणि मला आपलीच रीत अधिक चित्रमय वाटते. शुद्ध आणि वीज मात्र आपल्याकडेही जातेच. ‘ऑफ’ जोडला की गोंधळ वाढतो, कारण ‘लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, पण ‘अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे गजर वाजला.

‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणताना तर कोणी कुठे निघालेले नसते. एखादे काम करायला निघालो आहे, या अर्थाच्या वाक्यातली चाल झिजत गेली आणि तिथे नुसता भविष्यकाळ उरला. म्हणूनच ‘गोइंग टू’चे बोलण्यातले आखूड रूप ‘गोना’ क्रियापदाआधी चालते, गावाच्या नावाआधी नाही. हे ऐकून पुतणीने विचारले, “काका, मग ‘गोइंग टू गो’ असे म्हणता येते का?”

येते.