निम्म्या ठिपक्यांचा महिना

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे जी दिनदर्शिका लटकते, तिच्यावर दुधाचा हिशेब नसतो. फक्त धाकट्या भावाच्या फिट्सची नोंद असते. छोटी फिट म्हणजे लाल ठिपका, मोठी म्हणजे लाल गोल, शेजारी वेळ. (नळाला पाणी कधी येणार ते सोलापुरात लिहून ठेवावंच लागतं, पण त्याची वही वेगळी.) महिन्याला आठ-दहा ठिपके, कधी एखादा गोल.

फिट म्हटलं की लोकांना हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच माहीत. त्याच्या छोट्या फिटमध्ये यातलं काही नसतं. बोलता बोलता गप्प होतो, नजर एका जागी थांबते. डाव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतात, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात. मिनिट-दीड मिनिट. मग "काय झालं?" म्हणून तोच विचारतो. तो एका चादर-टॉवेलच्या दुकानात बिलं लिहितो. फिट आली की पेन रकाना सोडून तिरकं खाली घसरतं. मालक काही न बोलता ते पान फाडतात आणि कोरं पान पुढे सरकवतात. वडील यंत्रमागावर कामाला होते, पण याला मागाजवळ उभं राहायला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मनाई केली.

कार्बामाझेपिन झालं, लेव्हेटिरासिटाम झालं, आता दोन्हींच्या जोडीला क्लोबाझाम आहे. योग्य निवडलेली दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, औषधांना दाद न देणारा धरतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांची गत अशीच. २००० साली क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा अभ्यास छापला होता. त्यातल्या आधी कुठलंच औषध न घेतलेल्या ४७० जणांत पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्के लोकांच्या. त्यानंतर हाताला फार थोडे लागले. भावाच्या ऑपरेशनचाही विचार झाला, पण ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, दोन्ही बाजूंनी सुरुवात दिसते, म्हणून तो रस्ता बंद.

मी अशोक चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते, त्यामुळे नवं औषध म्हटलं की कान टवकारतात. सध्या लक्ष आहे ते अझेटुकालनरवर. झेनॉन ही कॅनडातली कंपनी ते तयार करतेय. त्याचं जुनं नाव एक्सईएन११०१. २०२२ च्या अखेरीस ते तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचण्यांत गेलं.

मेंदूच्या पेशी विजेच्या इशाऱ्यांवर चालतात. फिटमध्ये पेशींचा मोठा घोळका एकाच वेळी, न थांबता इशारे सोडत सुटतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं सोडियमच्या वाटा आवळतात, म्हणजे मागाची वीज कमी करण्यासारखं. अझेटुकालनर पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी आपोआप शांत होते. हा मागाचा ब्रेक. आमच्या भावाला आजवर दिलेल्या कुठल्याच गोळीने या ब्रेकला हात लावलेला नाही, म्हणून मला यात जीव वाटतो.

याच वाटेवरचं रेटिगाबिन २०११ मध्ये बाजारात आलं होतं. काही रुग्णांची त्वचा, ओठ, नखं निळसर पडू लागली, डोळ्याच्या पडद्यावर रंग साचलेला दिसला आणि २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केलं. नव्या औषधाची रचना वेगळी आहे आणि दुसऱ्या टप्प्यात असा रंग चढल्याची नोंद झाली नाही. तरी डोळ्यांची तपासणी वर्षानुवर्षं चालू राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो रंग आठ आठवड्यांत दिसणारा नव्हता.

आठ आठवडे म्हणाले, कारण दुसऱ्या टप्प्यात औषध तेवढेच दिवस दिलं होतं. मेंदूच्या एका भागातून फिट सुरू होणारे ३२५ प्रौढ, सगळे आधीच एक ते तीन औषधं घेणारे. २५ मिलिग्रॅमच्या गटात महिन्याच्या फिट्स ५२.८ टक्क्यांनी घटल्या, औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात १८.२ टक्क्यांनी. ५२.८ हा मधला आकडा आहे. निम्म्या लोकांना याहून जास्त फायदा झाला, निम्म्यांना कमी. साध्या गोळीवरही फिट्स घटल्या त्याचं एक कारण असं, की माणूस चाचणीत शिरतो तो त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि तिथून तो थोडा उतरतोच. चक्कर, गुंगी, थकवा हे त्रास जास्त दिसले. दिवसातून एकदा, जेवणासोबत घ्यायची गोळी.

हे आकडे कुठल्या यंत्रातून निघत नाहीत. रुग्णाने किंवा घरच्यांनी रोज नोंद करायची, त्यातूनच टक्के निघतात.

भावाने विचारलं, "अक्का, निम्म्या झाल्या म्हणून काय हुतंय? गाडी तर चालवायला देणार न्हाईत की." लायसन्सच्या अर्जातच अपस्माराचा प्रश्न असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं आहे. पण मी रात्री त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपते. मोठ्या फिट्स जितक्या जास्त, तितका झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त, हे सिद्ध झालेलं आहे. गोल कमी झाले तर मला ते हवेत. आठच्या जागी चार ठिपके आले तरी ती चार पानं फाटायची वाचतात.

घाई मात्र नको. ब्रिव्हारासिटाम हे फिट्सचंच औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. आमच्या काउंटरवर ते सगळ्यांना परवडायला लागलं २०२१ नंतर, पेटंट संपून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या तेव्हा. तोवर आजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. विडी वळणाऱ्या एक मावशी मुलीची अर्धीच पट्टी नेतात, "दोन महिने आली न्हाई, आता कशाला?" म्हणतात. दर वेळी मी त्यांना थांबवून सांगते, आली नाही ती गोळीमुळेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि फिट आलीच तर चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर सरळ दवाखाना.

भारतात चाचणी घ्यायची तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही बघता येते. त्या यादीत नसलेल्या 'चाचणी'साठी कुणी पैसे मागितले तर दारातूनच परत पाठवा.

भावाला मी हेही सांगितलं, की चाचणीत नशिबी साधी गोळी आली तरी आपली चालू औषधं बंद होत नाहीत, आणि अझेटुकालनरच्या दुसऱ्या टप्प्यात मुदत पुरी करणाऱ्यांना पुढे खरं औषध घ्यायची मुभा होती. "मग इचारू की डॉक्टरला," म्हणाला. पुढच्या भेटीच्या कागदावर सगळ्यात वर तोच प्रश्न लिहिलाय.