कपाटाची भट्टी

आमच्या बेळगावच्या पावसात उघड्या लोखंडावर दोन दिवसांत तांबूस गंज चढतो. ब्रशने मारलेला रंग एक पावसाळा काढतो, दुसऱ्याला पोपडे. म्हणून अनगोळच्या घरामागच्या शेडमध्ये पावडर कोटिंगची, म्हणजे लोखंडावर रंगाची कोरडी पावडर मारून ती तापवून पक्की करायची भट्टी करायची, असं मी ठरवलं.

सांगाडा म्हणून जुनं लोखंडी कपाट घेतलं. आतला-बाहेरचा रंग ग्राइंडरने पार खरवडून काढला, नाहीतर तोच जळून धूर करतो. आत जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची दुसरी पेटी बसवली आणि मधे उष्णता अडवणारं ५० मिमी रॉकवूल ठासलं. दोन्ही पत्रे जिथे बोल्टने जोडले जातात तिथून उष्णता बाहेर येते, त्यामुळे बोल्ट मोजकेच मारले. दाराला फायबरग्लासची दोरी लावली. खाली दीड-दीड किलोवॅटचे तीन हीटर बसवले. म्हणजे साडेचार किलोवॅट, २३० व्होल्टवर जवळजवळ २० अँपिअर. घरातल्या प्लगचं हे काम नव्हे. मीटरपासून ४ चौरस मिमीची वेगळी तांब्याची वायर ओढली, २५ अँपिअरचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) घातला आणि अर्थिंगही नवीन केलं. गॅसची शेगडी स्वस्त पडेल, असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण हवेत उडालेली पावडर उघड्या ज्योतीवर पेट घेते. तो विचार मी लगेच सोडला.

पहिल्यांदा भट्टी रिकामीच तापवली. नव्या हीटरचा आणि रॉकवूलचा उग्र वास तासभर निघत होता, म्हणून शेड सताड उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी बिडाच्या चारेक किलोच्या ब्रॅकेटला पावडर मारून तो आत टांगला. तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर २०० अंश दिसल्यावर पंधरा मिनिटं मोजली आणि काढला. असा चकाकत होता की मी बाबांना हाक मारून दाखवला. सकाळी खिळ्याने जरा ओरखडलं, तर नखाएवढा तुकडा उडाला.

बाबांची उभी हयात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली. त्यांनी ब्रॅकेट हातात घेऊन वजन बघितलं.

"हवा तापली रे. लोखंड तापलंय का, ते मोज की."

तसंच होतं. कंट्रोलरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वरच्या हवेत लोंबत होती. दुसरा थर्मोकपल थेट ब्रॅकेटला बांधून बघितलं, तर हवा २०० झाल्यावरही धातूला १८० गाठायला आणखी २६ मिनिटं लागली. पावडर पिकते ती धातूच्या तापमानावर. माझ्या पावडरच्या डब्यावरही धातू १८० अंशांवर दहा मिनिटं, असंच छापलेलं होतं. मी ते हवेचं समजून बसलो होतो.

मग रंगाच्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसू लागली. तेही बाबांनीच ओळखलं. बिडाच्या छिद्रांत हवा, तेल, ओल अडकलेली असते. ती तापल्यावर वितळलेल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर येते. आता ओतीव वस्तू आधी कोरडीच २२० अंशांवर अर्धा तास ठेवतो, थंड होऊ देतो आणि मगच पावडर मारतो.

सगळ्यात जास्त घाबरलो ते एका संध्याकाळी. कंट्रोलरने हीटर बंद केल्याचा दिवा दाखवला, तरी आकडा चढतच होता: २३०, २४०, २५५. हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, आतून शॉर्ट झाला होता. रिले बिघडला की बहुतेक वेळा असा चालूच राहतो. एमसीबीही पडत नाही, कारण करंट नेहमीएवढाच असतो. मेन स्विच ओढला तेव्हा हात कापत होते. दुसऱ्याच दिवशी हीटरच्या आधी कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा चुंबकी स्विच) घातला आणि त्याला २३५ अंशांवर तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट जोडला. भट्टी करणाऱ्या कुणीही ही जोडणी पहिल्या दिवशीच करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि त्या भट्टीत खाण्याची वस्तू कधी ठेवू नये, अगदी पापडसुद्धा.

शेडच्या दारामागे आता एक वही लटकते. वस्तूचं वजन, जाडी आणि किती मिनिटांनी १८० आलं, हे बाबा स्वतःच्या अक्षरात लिहितात. पहिली नोंद त्या ब्रॅकेटची आहे. तो खरवडून पुन्हा केला आणि मागच्या जूनपासून अंगणात तुळशीजवळ पावसात उभा आहे. खिळ्याने रोज ओरखडून बघतो.