आधी पत्रा, मग इंजिन: १९६६ ची एमजीबी रस्त्यावर आणताना

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत घ्यायची असेल तर बॉनेट उघडण्याआधी खाली बसून दाराखालचा पत्रा बघावा. जाम झालेलं इंजिन सुटतं, रंग नव्याने देता येतो, सीटा शिवून घेता येतात. पण दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पेटी जाते, तिला इथे इंग्लंडमध्ये सगळे ‘सिल’ म्हणतात. ती गंजलेली असेल तर खरं काम तिथे आहे. मी घेतलेली रोडस्टर, म्हणजे दोन सीटांची, कापडी टपाची गाडी, विल्टशायरमधल्या एका शेतावरच्या शेडमध्ये १९८० च्या दशकापासून उभी होती. तिचे सिल दिसायला गुळगुळीत आणि लालभडक होते. चुंबक लावला तर चिकटेना. आत पत्र्याऐवजी पुट्टी होती, आणि पुट्टीच्या आत जुन्या गंजक्या पत्र्यावर चढवलेला दुसरा पत्रा. हे सगळं धरूनच भाव ठरवला आणि गाडी ट्रेलरवर घालून स्विंडनला घरी आणली.

या गाडीत सिलला एवढं महत्त्व का, हे तिचा इतिहास वाचल्यावर नीट कळतं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या विल्यम मॉरिसच्या या गॅरेजचा कारभार सेसिल किंबर बघायचा. साध्या मॉरिस गाड्यांना देखणी आणि हलकी बॉडी चढवून विकायची त्याची कल्पना होती, त्यातून एमजी उभी राहिली. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. १९५५ ची एमजीए फार सुंदर होती, पण तिची बांधणी जुन्या पद्धतीची: खाली वेगळी चासी, वर बॉडी. तिच्यानंतरच्या गाडीसाठी सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चासीच काढून टाकली. बॉडीलाच गाडीचं सगळं वजन पेलायला लावलं. १९६२ मध्ये आलेली ही एमजीबी एमजीएपेक्षा चाकांच्या मधल्या अंतरात ३ इंच आखूड, तरी आत बसायला जास्त ऐसपैस होती. हुशार काम होतं ते. पण उघड्या गाडीला वर छत नसतं. मग पुढचा भाग मागच्या भागाला धरून ठेवणार कोण? दोन सीटांच्या मधला, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा थोडा हातभार लावतो, बाकी सगळा भार दोन्ही बाजूंच्या सिलवर. ते कुजले की गाडी मधोमध खाली बसायला लागते आणि दारं लागेनाशी होतात. माझ्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार वर उचलल्याशिवाय बंद होत नव्हतं.

इथे पहिला मोठा निर्णय घ्यावा लागला. एमजीबीची अख्खी नवी बॉडी आजही मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ कारखान्यातले साचे शोधून जमवले आणि १९८८ पासून नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना विटनीला आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. पैसे बरेच लागतात, पण मेहनत प्रचंड वाचते, आणि ज्यांची गाडी पार गेली आहे त्यांनी तेच करावं असं माझं मत आहे. मी केलं नाही, त्याचं कारण स्विंडन.

एमजीबी रोडस्टरची बॉडी बनायची इथेच, स्विंडनमधल्या प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात. तिथून ती ऑक्सफर्डच्या काउली भागातल्या कारखान्यात रंगायला जायची आणि मग ॲबिंग्डनला जोडणीसाठी. ॲबिंग्डनला चालता पट्टाही नव्हता. गाडी एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत न्यायची. स्विंडनचा तो कारखाना अजून चालू आहे, आता तिथे मिनीचे पत्रे दाबले जातात. मी रोज कामावर जाताना त्याच्या कुंपणावरून जाते. डॅशबोर्ड उतरवला तेव्हा आतल्या पत्र्यावर कुणीतरी मेणाच्या खडूने लिहिलेला आकडा सापडला, ६० वर्षांपूर्वीच्या हाताचा. ज्या बॉडीवर आपल्याच गावातल्या कामगाराचं अक्षर आहे, ती भंगारात घालायची मला इच्छा झाली नाही. जेवढं कुजलं तेवढंच कापायचं, उरलेलं ठेवायचं, हे तेव्हाच ठरलं.

वेल्डिंग मी संध्याकाळच्या वर्गात शिकले. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. उष्णता जरा जास्त झाली की भोक पडतं, म्हणून एका जागी लांब शिवण न मारता थोडं इथे, थोडं तिथे, असं टाके घालत जावं लागतं. भंगारातल्या बॉनेटच्या तुकड्यांवर हात बसेपर्यंत सराव केला आणि मगच गाडीला हात लावला.

सिल बदलण्याचा क्रम मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडवल्या जातात. पहिली गोष्ट, कापायच्या आधी आधार. बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड केला, दोन्ही बाजूंना. गाडी सपाट फरशीवर, वजन चारही टोकांना सारखं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन भिंतीवर लिहून ठेवली. एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू तोवर बॉडी धरून ठेवते.

मग कापणं. पुढचा पंखा, म्हणजे चाकावरचा मडगार्डचा पत्रा, बोल्टांवर असतो, तो उतरवता येतो. विंडस्क्रीनजवळचे बोल्ट गंजून एकजीव झालेले होते, त्यांना रोज थोडं तेल पाजून, तापवून सोडवलं. पंख्याच्या आत चाकामागे एक पट्टी असते. तिच्या कडेचं रबर कुजलं की तिथे चिखल साठतो, ओला राहतो, आणि सिलचं पुढचं टोक आतून खातो. त्या कोपऱ्यातून मी घमेलंभर माती काढली. मागचा पंखा बॉडीला वेल्ड केलेला असल्यामुळे त्याचा खालचा भाग कापूनच आत शिरावं लागतं.

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. आतला सिल, मध्ये उभा पडदा, खाली किल्ल्याच्या तटासारख्या खाचांची ‘कॅसल रेल’, आणि बाहेरून दिसणारा गोलसर सिल, असे सगळे मिळून बंद पेटी होते, आणि ताकद त्या बंद पेटीत आहे. बाहेरचा पत्रा चकचकीत आणि आतला पडदा गायब, अशा गाड्या बाजारात खूप आहेत. त्यांना मी दुरुस्त केलेल्या गाड्या म्हणणार नाही. प्रत्येक थर लावताना जस्ताचं प्रायमर, मग टाके, मग दार लावून फट बघणं. दार पुन्हापुन्हा टांगायचं, उतरवायचं, टांगायचं. फट वरपासून खालपर्यंत सारखी आली तरच बाहेरच्या सिलला कायमचा टाका. हिवाळाभर हेच चाललं होतं. दोन्ही बाजू पूर्ण झाल्यावर आधाराचे पाइप कापले, भिंतीवरची मापं पुन्हा ताडून पाहिली, आणि ड्रायव्हरकडचं दार एका बोटाने लागलं. पेटीच्या आत नळीने मेण फवारलं, ते दर काही वर्षांनी पुन्हा फवारायचं आहे.

इंजिनाची मला भीती नव्हती, कारण ते मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या काकांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गॅरेज होतं आणि तिथे दिवसरात्र ॲम्बेसेडर यायच्या, टॅक्सीच्या, सरकारी खात्यांच्या. ॲम्बेसेडर म्हणजे काउलीत बनणारी मॉरिस ऑक्सफर्ड, जिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला नेले. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’चं. पहिल्या एमजीएतही १४८९ सीसीचं बी सिरीजच होतं. एमजीबीसाठी त्याच इंजिनाचे सिलिंडर रुंद करून १७९८ सीसी केलं, पिस्टनचा फेरा तोच ठेवला, ८८.९ मिलिमीटर. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं तेव्हा समोर काकांच्या टेबलावरचं इंजिन होतं, फक्त बाजूला एकाऐवजी दोन कार्बोरेटर, एसयू बनावटीचे.

ते जाम झालेलं होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि काही आठवडे तसंच राहू दिलं. मग क्रँकच्या नटाला पाना लावून पुढे-मागे, जोर न करता. सुटलं. जुनी इंजिनं घाईत स्टार्टरने फिरवून लोक पिस्टनच्या रिंगा मोडतात, तसं करू नये. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, मात्र इंजिनिअरिंग वर्कशॉपला दिला. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० पासून बंद झालं आणि जुन्या हेडच्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या आधारावर टिकायच्या. आता तिथे कडक पोलादाच्या बैठका बसवून घेतल्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या.

टॅपेट बसवायला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यातली फट ठरवायला, काकांनी शिकवलेली नऊची बेरीज वापरली. आठ व्हॉल्व्ह आहेत. एक नंबरचा पूर्ण उघडा असेल तेव्हा आठचा सेट करायचा, तीन उघडा तर सहा, पाच उघडा तर चार, बेरीज कायम नऊ. फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इंजिन थंड असताना. कार्बोरेटर जुळवायला एक रबरी नळी पुरते. तिचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हींची फुसफुस एकसारखी ऐकू आली की हवा सारखी जाते आहे. महागडी यंत्रं आहेत, पण कानाइतकं भरवशाचं मला काही वाटलं नाही.

वायरिंगबद्दल एवढंच सांगते की १९६६ च्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. १९६७ अखेर डायनामोऐवजी अल्टर्नेटर आला तेव्हा कंपनीनेच हे उलटं केलं. पुष्कळ लोक जुन्या गाड्याही बदलून घेतात. मी डायनामो आणि मूळ जोडणी तशीच ठेवली. विजेचे भाग बनवणाऱ्या ल्यूकास कंपनीच्या वायरिंगला लोक नावं ठेवतात, पण रंगांची शिस्त इतकी सरळ आहे की तपकिरी कायम चालू, पांढरी चावीची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ, एवढं लक्षात ठेवून मी सगळी गाडी शोधू शकले. बहुतेक दोष जोडण्यांमधल्या गंजाचे निघाले.

रंगकाम बाहेर दिलं. मूळ रंग टार्टन रेड, हे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून आलेल्या हेरिटेज दाखल्यावर छापलेलं आहे. कारखान्याच्या नोंदवहीतून गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची, इंजिन नंबर काय, हे ते काढून देतात. एमजीबी मोठ्या संख्येने अमेरिकेला गेल्या, माझी मात्र उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची, इंग्लंडमध्येच विकलेली. दाखल्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी जुळला तेव्हा मला फार आनंद झाला. आतल्या चामड्याच्या सीटांना तडे आहेत. त्यांना तेल लावून मऊ केलं आणि ठेवल्या. नव्या सीटा सहज मिळतात, पण सगळं नवं केलं तर १९६६ ची गाडी कुठे उरली?

४० वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना इथे रस्ता कर नाही आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यासाठी सुरक्षित आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. मी तरीही तपासणी करून घेतली. स्वतः वेल्ड केलेल्या गाडीखाली दुसऱ्या जाणकाराने दिवा घेऊन बघायलाच हवं असं मला वाटतं. त्यांनी सिल हातोडीने वाजवून पाहिले आणि पास केलं.

आता ती रविवारी ॲबिंग्डनपर्यंत जाऊन येते. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद झाला, तोवर सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर एमजीबी तिथून निघाल्या होत्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद गुंतवणारी योजना, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, याची सवय होते. काकांना व्हिडिओ कॉलवर इंजिन ऐकवलं. ते थोडा वेळ कान देऊन म्हणाले, “अगं, एक टॅपेट ढिला हाय बघ, मागनं तिसरा असंल.” मागून तिसरा म्हणजे सहा नंबर. फट १८ थाऊ निघाली. ती बसवली आहे, आणि या हिवाळ्यात पुढच्या चाकांच्या किंगपिन, म्हणजे ज्यांवर चाकं वळतात त्या खिळी, काढणार आहे.