गॅलरीतले उत्तरायण

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घराची गॅलरी पश्चिमेकडे उघडते आणि तिला खालपासून वरपर्यंत उभ्या गजांचे ग्रिल आहे. गॅलरीतली एक फरशी कोपऱ्यात फुटलेली आहे. त्या फुटक्या कोपऱ्यावर टाचा टेकवून, ग्रिलपासून हात-दीड हात मागे उभे राहिले, की मावळता सूर्य कोणत्या दोन गजांच्या मध्ये आहे हे नेमके दिसते, आणि गेली तीन वर्षे चहाचा कप हातात धरून मी हा उद्योग करत आले आहे. सूर्य ज्या गजाआड जाईल त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि शेजारी तारीख लिहायची, एवढेच काम. रंगाऱ्याला पैसे मोजून दिलेल्या रंगाची ही नासाडी आहे, असे सासूबाईंचे मत आहे.

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेतले वाक्य वर्षातून दोनदाच खरे ठरते. एरवी नाशिकच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २० अंश उत्तरेला, त्याच्या मावळण्याची जागा जून ते डिसेंबर या काळात क्षितिजावर सुमारे ५० अंश डावीकडे, अंजनेरीच्या डोंगराच्या बाजूला सरकते आणि पुढच्या सहा महिन्यांत तेवढीच मागे येते. मार्च-सप्टेंबरात तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. दोन्ही टोकांना मात्र दिवसेंदिवस एकाच गाळ्यात रेंगाळतो. मग तो वळला नेमका कधी? नुसते पाहून हे सांगता येत नाही, आणि पहिल्या वर्षी मी इथेच फसले. दुसऱ्या वर्षी युक्ती सुचली. २० नोव्हेंबरला ज्या गजाआड तो गेला, त्याच गजाआड परतताना २२ जानेवारीला गेला; मधले ६३ दिवस निम्मे केले आणि २१-२२ डिसेंबर हाती आला. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, शंकूभोवती (जमिनीत उभ्या रोवलेल्या खुंटीभोवती) वर्तुळ काढून, सकाळ-संध्याकाळच्या सावलीची टोके जिथे त्या वर्तुळाला टेकतात ते दोन बिंदू जोडून पूर्व-पश्चिम काढायला सांगितले आहे. तिथे दिवसाची दोन टोके आणि इथे मोसमाची, हिशेब तोच, हे कळल्यावर स्वतःच्या हुशारीचा अभिमान बराच उतरला.

उजवीकडच्या, म्हणजे जूनच्या टोकाला मात्र ठिपका नाही. सूर्य तिथे पोचेपर्यंत मृगाचे ढग आलेले असतात आणि २१ जूनचा सूर्यास्त मला तीन वर्षांत एकदाही दिसलेला नाही. दक्षिणेकडचे वळण निरभ्र आकाशात घडते, उत्तरेकडचे पावसाआड. उत्तरायणाचे आपल्याकडे एवढे कौतुक आणि दक्षिणायनाचे नाही, याला हेही एक कारण असेल का, असा माझा आपला घरगुती तर्क आहे. त्यापलीकडे त्याला काही आधार नाही. उत्तरायणाशी जोडलेली मकरसंक्रांतसुद्धा आता माझ्या ठिपक्याशी जुळत नाही. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्यामुळे, साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असे करत सुमारे सतराशे वर्षांत ती वळणाच्या दिवसापासून तीन आठवड्यांहून अधिक पुढे गेली आहे. आपण तिळगूळ वाटतो तेव्हा सूर्य परतीच्या वाटेवर बराच पुढे आलेला असतो.

या गावाला आकाश पाहून काळ मोजण्याचे तसे नवल नाही. गुरू सिंह राशीत आला की इथे सिंहस्थ भरतो, आणि ‘मागच्या सिंहस्थात’ म्हटले की ऐकणारा बारा वर्षे आपोआप मागे जातो. माझे मोजमाप त्या मानाने अगदीच किरकोळ, पण दोन्हीकडे अट एकच आहे: पाहणाऱ्याने जागा बदलता कामा नये. म्हणूनच घरात फरश्या बदलण्याचा विषय निघाला तेव्हा गॅलरीतली ती फुटकी फरशी मी हट्टाने राखली.

क्षितिज राखणे मात्र माझ्या हातात नव्हते. डावीकडच्या मोकळ्या प्लॉटवर वर्षभरात इमारत उभी राहिली आणि गेल्या डिसेंबरात सूर्य डोंगरापर्यंत पोचलाच नाही. तो सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीमागे मावळला. जुने ठिपके अर्थातच निरुपयोगी झाले. मी रंगाची डबी पुन्हा उघडली आणि डोंगराऐवजी इमारतीची कड धरून, दोन गज डावीकडे नवा ठिपका दिला.