ती कोण, हे मी आधी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. व्याख्यान संपलं की चहाच्या टेबलापाशी, नंतर फोनवर, मेसेजमधून, शब्द बदलून प्रश्न तोच येतो. फ्लॉरेन्सचा जुना चित्रकार पिएरो दी कोसिमो, त्याचं ते मेलेल्या बाईचं चित्र तुम्ही एवढा वेळ पडद्यावर ठेवता. हात कुठे, पाय कुठे, कुत्रा कुठे बसलाय, सगळं बारकाईनं सांगता. मग ती कोण आणि कशी मेली, एवढंच सांगायचं का टाळता? एका गृहस्थांनी तर तोंडावर म्हटलं, "हा रसास्वाद नाही, पंचनामा आहे."

तेव्हा तो शब्द मला झोंबला. आता मीच तो वापरते. पंचनाम्यात समोर जे दिसतं ते आधी लिहितात. कोणी केलं, का केलं, ते पुढचं. मला हाच क्रम हवा आहे, आणि तो मी उगाच धरलेला नाही.

चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १४९५चं, पॉप्लरच्या फळीवर तैलरंगात केलेलं. उंची ६५ सेंटिमीटर, रुंदी १८४. म्हणजे उंचीच्या जवळजवळ तिप्पट लांब. फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरांत खोलीच्या लाकडी भिंतीत, पलंगाच्या किंवा पेटाऱ्याच्या वर अशा लांबट फळ्या बसवायची पद्धत होती, त्यांतलीच ही असावी असं मानतात. या लांबीचा चित्रकारानं जो उपयोग केला आहे तो आधी पाहा. त्यानं एक बाई आडवी निजवली आहे आणि तिच्या शरीरानं जवळपास सगळा पुढचा भाग व्यापला आहे. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे, कुशीवर, आपल्याकडे वळलेली. खाली गवत आणि बारीक रानफुलं. कमरेभोवती लाल वस्त्र, त्यावर सोनेरी झिरझिरीत पदर, पायांत सँडल. म्हणजे ती झोपायला आलेली नाही, कुठेतरी चालत निघाली होती.

तिच्या उशाशी एक सॅटर, ग्रीक-रोमन पुराणांतला रानातला जीव, गुडघ्यांवर बसलाय. कमरेखाली बोकड, वर माणूस, कान टोकदार. एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं तो तिच्या कपाळावरचे केस बाजूला सारतोय. आक्रोश नाही, छाती पिटणं नाही. ताप आलेल्या माणसाला आपण जसा हात लावतो तसा त्यानं लावलाय. पायांशी एक मोठा तपकिरी कुत्रा बसलाय, मान खाली घालून. डावीकडे वाकलेली पाठ, उजवीकडे बसलेला कुत्रा, दोघांची नजर आत आणि खाली. दोन बाजूंनी असं बंद केल्यावर मधे, तिच्या अंगावर, चित्रकारानं काहीही उभं केलेलं नाही. तिथे फक्त पाणी, फिकट आकाश आणि निळसर होत गेलेला पलीकडचा काठ. वाळूवर आणखी काही कुत्री, पाण्याशी बगळ्यांसारखे पक्षी. इकडे काय झालं याची त्यांना दखलही नाही.

आता जखमा. एक गळ्यावर. रक्त आहे, पण थोडंच. आणखी वार मनगटाजवळ आणि हातावर. दुसरा हात मनगटात मुडपून, बोटं आत वळून पडलाय. छाती उघडी आहे आणि तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.

एवढं सांगून मी थांबते, आणि तुम्ही चिडता.

पूर्वी मी असं करत नव्हते. पूर्वी मी पडदा उजळायच्या आधीच नाव सांगायची: 'प्रोक्रिसचा मृत्यू'. या चित्राला बराच काळ हेच नाव होतं. मग रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मधली गोष्ट, आणि ती गोष्ट मी रंगवून सांगायची. सेफॅलस आणि प्रोक्रिस, एकमेकांवर जीव असलेलं जोडपं. शिकारीची देवी डायना, तिच्याकडून मिळालेला कुत्रा आणि भाला प्रोक्रिसनं नवऱ्याला दिलेला. भाला असा की नेम कधी चुकत नाही आणि काम झालं की आपोआप हातात परत येतो. सेफॅलस रोज शिकारीला जातो, दमला की सावलीत पडून वाऱ्याच्या झुळकेला हाका मारतो, ये, मला शांत कर. कोणीतरी ते ऐकतं आणि प्रोक्रिसला जाऊन सांगतं की तो कुणा बाईला बोलावतोय. ती पाळतीवर झुडपात लपते. पानं सळसळतात. त्याला वाटतं जनावर आहे, तो भाला फेकतो. आणि ती त्याच्या मांडीवर जीव सोडते. सभागृहात इथे हमखास सुस्कारे यायचे. संशयाचा शेवट वाईट, असं पुढच्या रांगेतली कोणीतरी आपणहून म्हणायची. व्याख्यान जमलं असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते जमलेलंच असायचं. गोष्ट ताकदीची आहे, हे मी आजही नाकारत नाही.

एका तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये असंच व्याख्यान होतं. गोष्ट झाली, सुस्कारे झाले. मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणत होते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, उमेदीची बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली. त्यांनी माईक घेतला नाही.

"बाई, एक विचारू? भाला कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो जादूचा भाला, नवऱ्याच्या हातात परत गेला.

"बरं. मग नवरा कुठे आहे?"

चित्रकारानं त्याला वगळलंय, म्हटलं. तो क्षण पुढचा असेल. दुःख दाखवायला त्यानं सॅटर घेतला.

"असेल. पण लांबून फेकलेला भाला एका ठिकाणी लागतो. हिच्या हातावर वार आहेत." त्यांनी स्वतःचा उजवा हात कोपरात दुमडून चेहऱ्यासमोर धरला, तळवा बाहेर. "असं केल्याशिवाय इथे लागत नाही. समोरून कोणीतरी मारतंय आणि ही अडवतेय. झुडपात लपलेल्या माणसाला हात वर करायला वेळ कुठे मिळणार?"

हॉलमध्ये चुळबूळ झाली. कोणीतरी हसलं. मी सांगायला लागले की पुराणकथेत असा शवविच्छेदनाचा काटेकोरपणा शोधू नये, चित्रकाराला स्वातंत्र्य असतं. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते मी विसरू शकलेले नाही.

"ही हकीकत सांगितली कोणी?"

मी म्हटलं, ओव्हिडनं.

"तसं नाही. गोष्टीत कोण सांगतं? तिथे दुसरं तर कोणी नव्हतं."

मला आठवावं लागलं नाही, कारण मला ते माहीत होतं. फक्त त्याकडे मी त्या दिशेनं कधी बघितलं नव्हतं. ओव्हिडच्या सातव्या सर्गात ही सगळी कहाणी सेफॅलस स्वतः सांगतो. वर्षं उलटल्यानंतर, एका परक्या बेटावर, हातात तोच भाला धरून, डोळ्यांत पाणी आणून. झुळकेला मारलेल्या हाका, गैरसमज, सळसळ, चुकून लागलेला नेम, शेवटच्या क्षणी मिटलेला संशय, सगळं त्याच्या तोंडून.

मी म्हटलं, "नवरा सांगतो."

"हो ना," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे पण हिस्ट्री नवराच सांगायचा. बाई बोलायच्या अवस्थेत नसायची. पडली, भाजली, विळी लागली. आम्ही लिहून घ्यायचो. लिहिताना हाताकडे लक्ष जायचं."

त्या पुढे काही बोलणार होत्या, पण व्यासपीठावरून आवाज आला, "सिस्टर, गोष्ट आहे हो ती," आणि वेळ झाल्याचं सांगून आभार सुरू झाले. मी माईक धरून उभी होते. मागे पडद्यावर ते चित्र तसंच होतं. नारळ, शाल, फोटो होईपर्यंत सिस्टर निघून गेल्या होत्या. त्यांनी हाताकडे बघून काय लिहिलं असेल, लिहू दिलं गेलं असेल का, हे विचारायला मी त्यांच्यापर्यंत पोचले नाही. आयोजकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, ती माझ्याकडे. ती त्यांच्याकडे जायला हवी होती.

त्या रात्री मी ओव्हिडचा उतारा पुन्हा काढला. तिथे जखम छातीच्या मधोमध आहे. चित्रातली छाती निर्मळ आहे. भाला परत येतो हे खरं, पण या एका वेळी तो परत आलेला नाही. सेफॅलस धावत पोचतो तेव्हा प्रोक्रिस तो स्वतःच्या अंगातून उपसायचा प्रयत्न करत असते. म्हणजे हॉलमध्ये मी दिलेलं उत्तर ओव्हिडच्या पानावरच टिकत नव्हतं. आणि सॅटर तर त्या कथेत नाहीच. तो सापडतो १४८७ साली फेरारात झालेल्या एका नाटकात. निकोलो दा कोरेज्जोचं 'चेफालो'. त्यात एक फॉन, म्हणजे सॅटरचाच रोमन भाऊबंद, प्रोक्रिसवर भाळतो आणि तिच्या मनात संशय पेरतो. पण त्या नाटकाच्या शेवटी डायना तिला जिवंत करते. इथे तशी काहीच चिन्हं नाहीत. नॅशनल गॅलरीनंही आता प्रोक्रिसचं नाव मथळ्यातून काढलंय. 'वनदेवीसाठी शोक करणारा सॅटर', एवढंच लिहितात.

पुढे कधीतरी वाचलं की लंडनच्या एका निवृत्त सर्जननीही हेच म्हटलंय. हातावरचे वार बचाव करतानाचे. गळ्यावरची जखम सुरीची. आणि तो मुडपलेला हात मानेच्या मज्जारज्जूला इजा झाल्यावर पडतो तसा पडलेला. त्यांच्या मते चित्रकारानं खून झालेल्या कुणा बाईचं प्रेत समोर ठेवून हे रेखाटलं असावं. त्यांचं म्हणणं छापून आलं, चर्चेत राहिलं. सिस्टरचं म्हणणं एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आभारप्रदर्शनाखाली गेलं. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण त्यांतले निम्मे माझेच जुने आहेत.

तुम्ही म्हणता, गोष्ट काढून घेतली तर चित्र कोरडं होतं. माझा अनुभव उलटा आहे. नाव आधी सांगितलं की लोक चित्राकडे पाहणं थांबवतात. 'प्रोक्रिस' म्हटलं रे म्हटलं की त्या हातावरचे वार दिसेनासे होतात. मला स्वतःला ते कितीतरी व्याख्यानं दिसले नव्हते, आणि चित्र तर मी रोज बघत होते. नाव शेवटी सांगितलं की तेच लोक भांडायला लागतात: मग भाला कुठाय, मग हा बोकडपाय्या कोण, कुत्रा कुणाचा. ती भांडणं मला हवी आहेत.

तुम्ही म्हणता, तुम्ही आजचा विषय पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर लादताय. हा आक्षेप मी सहज झटकू शकत नाही. ही फळी बहुधा एखाद्या लग्नाच्या निमित्तानं केलेली असावी, नव्या सुनेला संशयापासून सावध करायला, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर ते घर, ती खोली, ती मुलगी, सगळ्यांना प्रोक्रिस माहीत असणार आणि चित्रकारालाही तीच अपेक्षित असणार. मग मी कोण तिचं नाव मागे ठेवणारी? पण मग माझ्यातली दुसरी विचारते, त्या खोलीतल्या मुलीला रोज सकाळी डोळे उघडल्यावर काय दिसत असेल? गोष्ट तर दिसत नाही. गळा दिसतो, हात दिसतो. त्या वयाच्या मुलीला एवढं कळलं नसेल असं मी धरून चालणार नाही.

आणि चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं पिएरोबद्दल जे लिहून ठेवलंय, की हा माणूस आजाऱ्यांच्या थुंकीनं डागाळलेल्या भिंतीसमोर थांबून तिच्यात घोड्यांच्या लढाया आणि नगरं बघत बसे, ते वाचल्यावर त्यानं चार वार निष्काळजीपणे, सजावट म्हणून काढले असतील हे मला पटत नाही. पण पटत नाही म्हणजे पुरावा नाही, हेही खरं.

सगळ्यांत अवघड आक्षेप एका विद्यार्थिनीनं घेतला. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही नवऱ्याची गोष्ट बाजूला ठेवलीत आणि सिस्टरची गोष्ट आणलीत. गोष्ट तर आलीच. भाला चित्रात नाही म्हणून तुम्ही सेफॅलसवर विश्वास ठेवत नाही, मग सुरी तरी कुठे आहे? मी तिला सांगितलं की वार आहेत. ती म्हणाली, वार आहेत, सुरी नाही. आम्ही दोघी पुन्हा चित्रापाशी गेलो आणि गवत, फुलं, कपड्यांच्या घड्या, कुत्र्याच्या पायांखालची जमीन, सगळं धुंडाळलं. सुरीही चित्रात नाही. तिचा मुद्दा माझ्याकडून अजून खोडला गेलेला नाही, आणि पुढच्या व्याख्यानात तो मी तिच्या शब्दांत मांडणार आहे, नाव सांगायच्या आधी.