दर चार सेकंदांनी हरवणारा बेस

ताईंनी सगळ्यात आधी आवाज कमी केला. इतका कमी, की टेबलावर पेन ठेवल्याचा खट्ट आवाज ट्रॅकच्या वर ऐकू आला. ड्रम अँड बेस, म्हणजे पळत्या ड्रमचं आणि जड खालच्या सुरांचं इलेक्ट्रॉनिक संगीत, कुणी असं ऐकतं का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी गप्प बसलो. नऊ दिवस माझ्या पद्धतीने, मोठ्या आवाजात ऐकून मी कुठेही पोचलो नव्हतो आणि फाइल त्याच रात्री द्यायची होती.

ताई मास्टरिंग करतात, म्हणजे तयार ट्रॅकवर शेवटचा हात फिरवतात. मी एरवी पार्श्वसंगीताची कामं करतो, पण हा ट्रॅक माझा स्वतःचा होता आणि एका छोट्या लेबलने तो घ्यायचं कबूल केलं होतं. अडचण एकच होती: ड्रॉप पडत नव्हता. दीड मिनिट बांधत आणलेला ताण जिथे सुटायला हवा, तिथे ऐकणाऱ्याच्या अंगावर काही येतच नव्हतं. मी किक (पायाने वाजणारा जाड ड्रम) वाढवली, स्नेअर (कडक ठोक्याचा ड्रम) वाढवला, बेस वाढवला, आवाजाला कमाल मर्यादा घालणाऱ्या लिमिटरवर आणखी दाब दिला. दर वेळी पहिल्या ऐकण्यात बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोकळ.

मित्रांना पाठवून झालं होतं. बहुतेकांनी "भारी" म्हटलं. दोघांनी मात्र मनापासून ऐकून कळवलं. एक म्हणाला, बेस फार अंगावर येतोय. दुसरा म्हणाला, बेस आहे कुठे? मी वैतागलो आणि दोघांचंही बाजूला ठेवलं. तिथेच माझी चूक झाली. दोघांनाही मी वेगवेगळ्या दिवशी काढलेले बाउन्स (प्रोजेक्टमधून काढलेल्या ऐकायच्या फाइल) पाठवले होते, आणि दोघंही खरं सांगत होते. हे कळायला ताईंचा कागद हातात यावा लागला.

ऐकताना त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, अमुक फ्रिक्वेन्सी काप, तमुक कॉम्प्रेसर लाव, असं काहीतरी सांगतील. त्यांनी नुसत्या वेळा लिहिल्या. ट्रॅक संपला तसा कागद माझ्याकडे सरकवला. वरच्या बाजूला पाच आकडे होते: १:३१, १:३५, १:३९, १:४३, १:४७. पाचही आकड्यांसमोर तेच दोन शब्द होते, "जमीन गेली". खाली आणखी दोन-तीन ओळी होत्या, पण माझी नजर त्या पाचांवरच अडकली.

"इथे तू मुद्दाम काही केलंयस का?" त्यांनी विचारलं.

नव्हतं केलं. आणि ते आकड्यांवरूनच सिद्ध होत होतं. ट्रॅक १७४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १७४ बीटचा आहे. एक बार, म्हणजे चार बीट, सुमारे १.३८ सेकंदांचा, चार बार साडेपाच सेकंदांचे, आठ बार अकरा. माणसाने रचलेला बदल या मापांवर येतो, कारण आपण चारा-आठांतच विचार करतो. चार सेकंद म्हणजे तीन बारांपेक्षा थोडे कमी. कुठलाही संगीतकार अशा जागी काही ठेवणार नाही. म्हणजे हे मी केलेलं नव्हतं, यंत्रातून येत होतं.

मी सगळे ट्रॅक म्यूट केले, फक्त बेस ठेवला आणि एफचा एकच सूर अर्धा मिनिट धरून ठेवला. स्क्रीनवर ४४ हर्ट्झच्या आसपास जो उंच सुळका असतो तो हळूहळू खाली बसला, पार नाहीसा झाला आणि पुन्हा वर आला. छाती वर-खाली व्हावी तसा. घड्याळ लावलं. एक फेरा चार सेकंदांना किंचित कमी.

बेस होता रीस जातीचा. डेट्रॉइटचे केव्हिन सॉन्डर्सन 'रीस' या टोपणनावाने संगीत करत, त्यावरून हे नाव पडलं. १९८८ मधला त्यांचा तो आवाज पुढे 'जंगल' या संगीतप्रकारातल्या आणि ड्रम अँड बेसवाल्यांनी उचलला आणि आजतागायत सोडलेला नाही. करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या दोन लाटा घ्यायच्या आणि एकमेकींपासून जराशा बेसूर करायच्या. त्या सतत एकमेकींच्या पुढे-मागे होत राहतात आणि त्यातून तो घुसळणारा, गुरगुरणारा आवाज येतो. माझ्या दोन लाटांत एकूण दहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक होता, एक पाच वर, एक पाच खाली. खालचा एफ ४३.६५ हर्ट्झचा. तिथे दहा सेंट म्हणजे जेमतेम पाव हर्ट्झ. पाव हर्ट्झ म्हणजे चार सेकंदांत एक फेरा. दर चार सेकंदांनी दोन्ही लाटा नेमक्या उलट्या होत होत्या आणि मूळ सूर एकमेकींत विरून जात होता.

आणि तो नुसता विरत नव्हता. त्या क्षणी तिसरा, पाचवा असे सगळे विषम स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) जातात आणि फक्त सम उरतात. म्हणून बेस एक सप्तक वर उडी मारल्यासारखा ऐकू येतो. मोठ्या आवाजात ऐकताना छातीवरच्या दाबात मला ही उडी कधी जाणवलीच नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर फारच कमी लागतात. मी आजवर हे वाक्य "म्हणून मोठ्याने ऐका" असं वाचत आलो होतो. ताई ते उलटं वापरतात: खालचा दाब निघून गेला की बेसची नुसती चाल उरते, आणि ती अडखळली की लगेच कळतं.

मग मित्रांचंही कोडं सुटलं. माझ्या सिंथमधल्या लाटा मोकळ्या सोडलेल्या होत्या. दर वेळी प्ले दाबलं की त्या वेगळ्याच टप्प्यापासून सुरू व्हायच्या. म्हणजे प्रत्येक बाउन्समध्ये खड्डा वेगळ्या जागी. एकाच्या फाइलमध्ये ड्रॉपची पहिली बीट भरलेली, दुसऱ्याच्या फाइलमध्ये तीच रिकामी. मधल्या एका रात्री मी जिथे बेस कमी वाटला तिथे ऑटोमेशनने तीन डेसिबल वाढवले होते, आणि पुढच्या बाउन्समध्ये ती वाढ नेमकी भरलेल्या जागांवर जाऊन बसली होती. त्या रात्री मी स्वतःच्या कानांवरचा विश्वास गमावला होता. त्या खुर्चीत बसून हे सगळं उलगडत गेलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. कान शाबूत होते.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. रीसचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग पूर्ण कापला. त्याच्या जागी साधी साइन लाट घातली, मोनो, आणि प्रत्येक सुराला ती शून्यापासूनच सुरू होईल अशी बांधली. वर घुसळण तशीच राहिली, खाली जमीन पक्की झाली. बेस सतत भरलेला राहू लागला तेव्हा त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) तीन डेसिबल खाली आणावा लागला. नऊ दिवस तो मी वर ढकलत होतो.

किकचा प्रश्न मग आपोआप समोर आला. सब, म्हणजे ही खालची साइन लाट, सलग झाल्यावर किक त्याच्याखाली दबायला लागली, म्हणून साइडचेन लावली, किक वाजली की सब क्षणभर बाजूला होईल आणि नव्वदएक मिलिसेकंदांत परत येईल अशी. या वेगात जास्त उसंत देऊन चालत नाही, बेस धापा टाकायला लागतो.

मला वाटलं झालं. ताईंनी पुन्हा ऐकलं, तशाच हळू आवाजात. या वेळी आकडे लिहिले नाहीत. म्हणाल्या, "आता जमीन आहे. पण आधीपासूनच आहे."

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातून माउस घेतला, ड्रॉपच्या आधीचे सोळा बार निवडले आणि तिथला खालचा सूर म्यूट केला. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ड्रॉपआधीच्या शांत भागात, वातावरणासाठी मी तोच एफ बारीक आवाजात लांबवून ठेवला होता, पूर्ण बत्तीस बार, म्हणजे ४४ सेकंद. मला तो आवडत होता, उबदार वाटायचा. पण ड्रॉप येईपर्यंत कान त्या सुराला सरावलेला असायचा. ड्रॉपमध्ये जे पहिल्यांदा मिळायला हवं ते आधीच हातात दिलेलं.

सोळा बार खाली काहीच नाही. बावीस सेकंद. शेवटच्या अर्ध्या बारात मी रायझर (चढत जाणारा आवाज) आणि स्नेअरचा रोलही काढून टाकला, पाऊण सेकंदाहून थोडी कमी अशी शांतता ठेवली. मग प्ले दाबलं. एकाही फेडरला हात न लावता ड्रॉप दुप्पट झाला. कुजबुजीएवढ्या आवाजातही मी खुर्चीत मागे सरकलो.

मिक्सची म्हणून नऊ दिवस जी तक्रार मी उराशी धरली होती तिचा निम्मा भाग मांडणीचा होता. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं साधन) हातात असतो तेव्हा प्रत्येक दुखणं ईक्यूचं दिसतं, आणि मांडणीला हात लावायची भीती वाटते, कारण तिथे आवडलेलं काहीतरी टाकून द्यावं लागतं.

कागदावरची उरलेली एक ओळ होती: "दुसरा ड्रॉप = पहिला ड्रॉप?" खरंच होतं ते. चौसष्ट बार जसेच्या तसे पुढे चिकटवले होते. इथे मात्र उत्तर माझ्याकडेच पडून होतं. ड्रमचा ब्रेक (नुसत्या ड्रमचा तुकडा) एका ड्रमर मित्राने वाजवून दिला होता. मी त्याचे तुकडे करून एकेक ठोका ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या काटेकोर मापाच्या रेषांवर, ओढून बसवला होता, स्वच्छ व्हावा म्हणून. मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मुख्य ठोक्यांच्या मधले त्याचे स्नेअरचे हलके घोस्ट नोट दहा-बारा मिलिसेकंद मागे रेंगाळत होते. १७४ ला बारचा सोळावा भाग ८६ मिलिसेकंदांचा असतो. त्यात दहा म्हणजे चांगलाच ढळढळीत फरक. त्याचा हात, त्याचं वजन, सगळं त्या दहा मिलिसेकंदांत होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा सगळा प्रकार ज्यावर उभा आहे तो ब्रेकही एका माणसाने हाताने वाजवलेला आहे. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या बँडच्या रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन यांनी एकट्याने वाजवलेले चार बार, जेमतेम सात सेकंद. ते अक्षरशः हजारो ट्रॅकमध्ये कापून, पळवून वापरले गेले आणि त्या वापराचा मोबदला कोलमन यांना मिळाला नाही. ते २००६ मध्ये गेले. ते चार बार आजही ऐकावेसे वाटतात ते त्यांतल्या माणसामुळे. चौथ्या बारात स्नेअर जिथे अपेक्षा नसते तिथे पडतो आणि मग क्रॅश (मोठी झांज) येतो, हे ग्रिडवर बसून कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या ड्रॉपमध्ये मी मित्राचा ब्रेक न कापता, त्याच्या मूळ रेंगाळण्यासकट घातला. फक्त १५० हर्ट्झच्या खालचं काढलं आणि माझा वरून लावलेला स्नेअर त्याच्या स्नेअरशी नेमका जुळवला. आधी तो सहा मिलिसेकंद पुढे होता आणि दोन्ही एकमेकांना खाऊन पत्र्यासारखे वाजत होते. बेसची ओळ तीच ठेवली. ठेका बदलल्यावर ती वेगळीच वाटू लागली.

एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. ताईंच्या मते स्नेअर फार पुढे होता, तीन डेसिबल कमी कर म्हणाल्या. मी केला आणि ऐकलं. गाण्याच्या मिक्समध्ये त्यांचं बरोबर ठरलं असतं. पण या प्रकारात स्नेअर हा कणा असतो. किक आणि हॅट (छोटी झांज) कितीही पळोत, दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडणारे ते दोन ठोके ऐकणाऱ्याला धरून ठेवतात; ते मागे गेले की १७४ चा वेग नुसती धावपळ वाटतो. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, "ट्रॅक तुझा आहे" एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या.

बत्तीस बारांचा इंट्रोही मी तसाच ठेवला. त्यांना तो लांब वाटत होता, पण डीजेला आधीच्या ट्रॅकमधून यात यायला तेवढी जागा लागते.

रात्री साडेदहाला शेवटचा बाउन्स काढला. लिमिटर आता जेमतेम दोन डेसिबल धरत होता, सकाळी सात धरत होता. स्नेअर मी मधे आणून ठेवला, त्यांच्या मापापेक्षा दीड डेसिबल वर, आणि त्यांना काही बोललो नाही. ताई परत आल्या, फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. हातात पेन होतं, कागद कोरा राहिला.

मी फाइल पाठवली आणि मग राहवलं नाही म्हणून सांगितलं, "ताई, स्नेअर दीडने परत वर घेतलाय."

"ऐकू आलं मला," त्या दिवे बंद करत म्हणाल्या. "राहू दे तिथेच."