‘बॉल बघ’ म्हणजे नेमकं कुठं बघ?

सकाळी सहाला कुठल्याही मैदानावर जा, ‘बॉल बघ, बॉल बघ’ हे वाक्य कानावर पडणारच. कोच ओरडतो, जाळीबाहेर उभे असलेले बाबा ओरडतात, पॅड बांधून नंबरची वाट बघत बसलेला दहा वर्षांचा पोरगासुद्धा ओरडतो. चुकीचं नाहीये ते, पण अर्धवट आहे. मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मुलामुलींच्या नेटला मदत करायला जाते आणि तेव्हापासून हे अर्धवटपण मला टोचायला लागलंय, कारण जी पोरं अगदी डोळे फाडून बॉल बघतात तीच बऱ्याचदा उशिरा खेळतात.

आधी साधा हिशोब करू. ताशी 140 किलोमीटरनं टाकलेला बॉल बॉलरच्या हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. बॉल लांब असतो तोवर ठीक, पण जवळ आला की तो डोळ्यांसमोरून इतक्या झपाट्यानं सरकतो की माणसाचा डोळा तेवढ्या वेगानं त्याच्यामागे फिरूच शकत नाही, मग तो डोळा शाळेतल्या पोराचा असो नाहीतर टेस्ट प्लेयरचा. म्हणजे ‘हातातून सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंत नजर हलू देऊ नको’ हे आपण जे सांगतो ते शरीराला जमण्यासारखंच नाही!

मग चांगले बॅट्समन करतात काय? 2000 साली मायकल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन ब्रिटिश संशोधकांनी बॅट्समनच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कुठं जाते ते रेकॉर्ड केलं. वेगवेगळ्या दर्जाचे तीन खेळाडू, समोर बॉलिंग मशीन. दिसलं असं की बॉल सुटतो तिथं नजर आधी थांबते, बॉलचा सुरुवातीचा थोडासा प्रवास बघते, आणि मग बॉलला सोडून सरळ पुढे उडी मारते, जिथं टप्पा पडणार आहे त्या जागेवर, आणि तिथं बॉलची वाट बघत थांबते. धावत्या एसटीमागे पळण्यापेक्षा पुढचा थांबा गाठून उभं राहावं तसं. टप्पा पडला की पुन्हा थोडा वेळ बॉलबरोबर, आणि मग शॉट. ही उडी तिघांनीही मारली, फरक एवढाच की जो सगळ्यात चांगला होता त्याची नजर टप्प्याच्या जागी सगळ्यात लवकर पोचत होती. मधला बराचसा प्रवास नजर थेट बॉलवर नसतेच, आणि बॅट्समनला त्याचा पत्ताही नसतो, विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी पूर्ण वेळ बॉल बघत होतो.

2013 मध्ये डेव्हिड मान या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जगातल्या दोन अव्वल बॅट्समनवर करून बघितलं. त्या दोघांची नजर टप्प्यावर उडी मारायचीच, पण त्यानंतर अजून एक उडी मारायची, बॅट आणि बॉलची गाठ जिथं पडणार तिथं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचं डोकं. बॉल येईल तसं डोकं वळत होतं, असं की बॉल कायम नाकासमोर एकाच दिशेला राहावा. म्हणजे डोळे पुढे जाऊन थांबतात आणि बॉलची सोबत डोकं करतं. आपल्याकडे जुने कोच बॉल बघण्याइतकंच ‘डोकं पडू देऊ नको’ हे का घोकून घेतात ते हे वाचल्यावर मला नीट कळलं. डोकं ऑफ साइडला कलंडलं की बॉल कुठल्या दिशेनं येतोय याचा अंदाजच वाकडा होतो. सुनील गावसकरांची जुनी फूटेज बघा, शॉट वगैरे बाजूला ठेवा, फक्त हेल्मेट नसलेलं ते डोकं बघत राहा, शॉट संपेपर्यंत किती शांत आहे ते.

रिफ्लेक्सबद्दलही थोडं बोलायलाच हवं. ‘त्याचे रिफ्लेक्स भारी आहेत हो’ असं आपण सहज म्हणतो. याच मॅक्लाउडनी 1987 मध्ये पिचवर अंथरलेल्या मॅटिंगखाली लाकडाच्या बारीक पट्ट्या ठेवून प्रयोग केला होता, म्हणजे टप्पा पडल्यावर बॉल कुठंही वळणार आणि आधीपासून ओळखण्याचा प्रश्नच नाही. इंटरनॅशनल खेळाडूंनासुद्धा बदललेल्या दिशेप्रमाणे बॅट वळवायला साधारण 200 मिलिसेकंद लागले, त्याहून कमी वेळ मिळाला तर तेही आपल्यासारखेच हुकले. म्हणजे त्यांची मशिनरी आपल्यापेक्षा फास्ट नाहीये, त्यांना बातमी आधी मिळते. कुठून मिळते? बॉलरच्या हाताकडून, मनगटाकडून. ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि इतर संशोधकांनी बॉलरचे व्हिडिओ बॉल सुटायच्या आधीच कापून दाखवले आणि विचारलं, सांगा कुठला बॉल येणार? वरच्या दर्जाचे खेळाडू बॉल दिसायच्या आधीच हातावरून बरंच काही ओळखत होते, नवख्यांना ते जमत नव्हतं.

म्हणूनच बॉलिंग मशीनबद्दल माझं मत जरा कडक आहे. हल्ली अकॅडमीची जाहिरात मशीनच्या फोटोशिवाय होत नाही आणि पालकही आधी तेच विचारतात, मशीन आहे का. पण मशीनला हात नाही, मनगट नाही, रनअप नाही. ऑस्ट्रेलियात वाढत्या वयाच्या क्रिकेटरांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की खऱ्या बॉलरसमोर पोरं पाय आणि बॅट लवकर हलवायला घेतात आणि मशीनसमोर उशिरा, कारण आधी बघण्यासारखं काही नसतंच. एखादा ठरावीक शॉट घोटवायला मशीन चांगलं, मी नाही म्हणत नाही, पण बारा वर्षांच्या पोराची सगळी बॅटिंग मशीनवर करून घेणं म्हणजे त्याच्या नजरेला वाचायला पुस्तकच न देणं. त्यापेक्षा वाकडीतिकडी अ‍ॅक्शन असलेले चार मित्र बॉलिंगला असले तरी ते पोर जास्त शिकतं.

दृष्टीचंही तेच. मानच्याच आधीच्या प्रयोगांत बॅट्समनना मुद्दाम धूसर दिसेल अशा काँटॅक्ट लेन्स घालायला दिल्या होत्या. मशीनच्या मध्यम वेगाच्या बॉलिंगवर +1, +2 नंबरच्या लेन्सपर्यंत खेळ फारसा बिघडलाच नाही, +3 ला जाऊन बिघडला. खऱ्या आणि जास्त वेगवान बॉलिंगवर मात्र +2 लाच फरक पडला. चष्मा लागला असेल तर तो घालायचाच, त्यात वाद नाही, पण चष्मा लागला म्हणून पोराला क्रिकेटमधून काढायचं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याचा फार राग येतो. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी 1961 च्या जुलैत इंग्लंडमधल्या कार अपघातात गेली, त्याच डिसेंबरला ते भारताकडून पहिली टेस्ट खेळले, जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध 103 काढले आणि पुढच्या काही आठवड्यांत वयाच्या 21 व्या वर्षी कॅप्टन झाले! सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण डोळ्याच्या नंबरवरून कोणाचं भविष्य ठरवणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

हे सगळं फक्त क्रिकेटपुरतं नाही. कॅनडातल्या कॅल्गरी युनिव्हर्सिटीच्या जोन व्हिकर्स यांनी 1996 मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर, म्हणजे कोणी न अडवता रिंगमध्ये बॉल टाकायच्या संधीवर, काम केलं आणि ‘क्वाएट आय’ हे नाव दिलं. हात हलायला लागायच्या आधीची शेवटची नजर, एकाच जागी टिकलेली, ती म्हणजे क्वाएट आय. चांगले शूटर रिंगच्या एकाच बिंदूवर नजर लवकर नेतात आणि जास्त वेळ ठेवतात, आणि बॉल डोळ्यांसमोर आला की मग रिंग दिसतेय का याची काळजीच करत नाहीत, काम आधीच झालेलं असतं. बाकीच्यांची नजर रिंग, बोर्ड, बॉल, परत रिंग अशी भिरभिरते. टेन्शन आलं की हे अजून वाढतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या पेनल्टी किकवर बघितलं तर घाबरलेला खेळाडू गोलकीपरकडे लवकर आणि जास्त वेळ बघतो आणि मग बॉलही त्याच्याच जवळ जातो. आमच्या नेटलाही बघते ना मी, मॅचच्या आदल्या दिवशी पोरं बॉलरपेक्षा फील्डर जास्त बघतात.

आणि नेम असला की निशाणाकडेच बघायचं, असंही नसतं. पिस्तूल शूटिंग शिकवताना पहिल्यांदा सांगतात ते हे की फोकस पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या नेम धरायच्या खुणेवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड जिंकलं तो प्रकार याच शिस्तीचा. कबड्डीत मला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, चढाई करणारीच्या हाताकडे बघू नका, कमरेकडे बघा, हात हूल देतो, कमरेला ते जमत नाही. मुळात तीच गोष्ट, योग्य वेळी योग्य जागा.

शेवटी ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ते. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं असतात ज्यांना कॅच येत नाही, हातापायांचा मेळ बसत नाही, डॉक्टर काही मुलांच्या बाबतीत त्याला डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) म्हणतात आणि बाकी सगळे धांदरट म्हणून मोकळे होतात. टीम पाडताना ती शेवटी उरतात. इंग्लंडमध्ये अशा मुलांना 2015 च्या एका अभ्यासात हात कसा धरायचा हे शिकवण्याऐवजी फक्त नजर शिकवली: भिंतीवर बॉल टाकायच्या आधी जिथं टाकायचाय त्या जागेवर नजर टिकव, मग परत येणारा बॉल लवकर पकड नजरेनं आणि हातात येईपर्यंत त्याच्याबरोबर राहा. हळू येणारा बॉल असतो हा, इथं नजर त्याच्यामागे जाऊ शकते. त्या मुलांचं कॅचिंग सुधारलं.

हे करायला काहीच लागत नाही हो. शाळेच्या भिंतीवर खडूनं गोल काढायचा, टेनिस बॉल घ्यायचा, ‘नीट टाक’, ‘हात पुढे कर’ असलं काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं, गोल दिसला का, आता टाक, बॉल कधी दिसला तुला? पीटीच्या सरांनी-बाईंनी एखादा महिना करून बघा, आणि कोणाच्या शाळेत आधीपासून होत असेल तर मला खरंच येऊन बघायला आवडेल.